हे नाव मोकळं आहे का?

आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. कॅथलिक मठात जाणाऱ्या मुलीचंही पूर्वी काहीसं असंच असे. कित्येक मठांत तर वस्त्रग्रहणाच्या दिवशी ती खरोखरच नवरीच्या पोशाखात यायची आणि सिस्टर अमुकतमुक होऊन आत जायची. फार तर दोन-तीन नावं सुचवायची मुभा, शेवटचा शब्द मठप्रमुख मदर सुपिरिअरचा.

मला यात गंमत वाटते ती एका अगदी घरगुती अडचणीची. सगळ्यांना संतांचीच नावं हवीत, पण एका घरात एकाच नावाच्या दोघी झाल्या की हाक मारताना घोटाळा! मग पुरुष संतांची नावंही वापरात आली. सिस्टर जोसेफ, सिस्टर अलॉयशिअस. केरळच्या अन्नाला २ ऑगस्ट १९२८ ला मठात उमेदवारीचं शिरोवस्त्र मिळालं. त्या दिवशी संत आल्फोन्सस लिगोरींचा सण होता, म्हणून ती अल्फोन्सा.

फ्रान्समधल्या लिझ्यूची तेरेझ मार्तां लहानपणीच या काळजीत पडली होती. ज्या कार्मेल मठात तिला जायचं होतं, तिथे 'येशूची तेरेझ' आधीच होती, आणि हिला तर आपलं नाव सोडवेना. तिनं मनातल्या मनात 'बाळ येशूची तेरेझ' ठरवून टाकलं, कुणाला सांगितलं नाही. भेटीला गेली तेव्हा मठाच्या मदरनी आपणहून नेमकं हेच नाव सुचवलं! ती १८९७ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेली. तिची थोरली बहीण लिओनी मठात जाऊन जाऊन परत आलेली. १८९९ मध्ये ती कार्मेलहून वेगळ्या एका संघात, म्हणजे सिस्टरांच्या संस्थेत, गेली ती कायमची, आणि तिथे फ्रांस्वाज-तेरेझ झाली. हे धाकटीच्या बाप्तिस्म्याच्या नावातलंच.

याच तेरेझचं नाव स्कोपियेहून आलेल्या आन्येझ गोंजा बोयाजिऊला हवं होतं. पण लोरेटो संघात ते आधीच कुणीतरी घेतलेलं. तिनं स्पॅनिश वळणाचं 'तेरेसा' पत्करलं. मदर तेरेसा हे नाव जगाला मिळालं ते असं, पहिलं नाव मोकळं नव्हतं म्हणून.

जेसुइट या पाद्र्यांच्या संघाला ही कटकटच नाही. गोव्यात येऊन 'क्रिस्तपुराण' लिहिणारे थॉमस स्टीफन्स संघात गेल्यावरही थॉमस स्टीफन्सच राहिले. पोर्तुगीजांनी त्यांचं एस्तेव्हांव केलं, ती गोष्ट वेगळी.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, बऱ्याच संघांनी बाप्तिस्म्याचं नाव ठेवायला मोकळीक दिली. काही सिस्टर जुन्या नावाकडे परतल्या. काहींना मात्र इतक्या वर्षांचं सिस्टर जोसेफ हेच आपलं नाव वाटत होतं, त्यांनी ते सोडलं नाही. मला दोघींचंही पटतं. फक्त बाप्तिस्म्याची नावं परत आली तशा घरोघरच्या मेरीही परत आल्या, आणि आता त्यांच्यापुढे आडनाव लावावं लागतं.