लेबलवर 77, टेपमध्ये 73

मामेभावाने घर बदलताना बुटांच्या खोक्यात भरून ज्या कॅसेट्स माझ्या गळ्यात मारल्या, त्यांच्या तळाशी या तीन होत्या. प्रत्येकी 90 मिनिटांच्या, एकत्र बांधलेल्या. रबरबँड कधीचाच विरघळून कव्हरला चिकटला होता. निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं: डेड, 77, एसबीडी.

एसबीडी म्हणजे साउंडबोर्ड. प्रेक्षकांत माइक धरून केलेलं रेकॉर्डिंग नाही, थेट मिक्सिंगच्या टेबलावरून घेतलेलं. आणि डेड म्हणजे ग्रेटफुल डेड, ज्यांच्यापायी माझी एक भिंत आणि चार हार्ड डिस्क भरल्या आहेत. 1965 ते 1995 या तीस वर्षांत त्यांनी साधारण 2,300 कार्यक्रम केले. रोज गाणी वेगळी, क्रम वेगळा, एकच गाणं आज आठ मिनिटांचं तर उद्या पंचवीस. त्यामुळे 'त्यांचे सगळे अल्बम माझ्याकडे आहेत' याला काही अर्थ नसतो. खरा बँड टेपमध्ये आहे.

लोकांनी रेकॉर्डिंग करायला त्यांनी कधी फारशी मनाई केली नाही. ऑक्टोबर 1984 पासून तर मिक्सिंगच्या टेबलामागे टेप करणाऱ्यांसाठी वेगळ्या जागाच ठेवल्या. अट एकच, विकायचं नाही. म्हणून 'बूटलेग' हा शब्द इथे नीट बसत नाही. 1969 साली बॉब डिलनचं चोरटं रेकॉर्डिंग पांढऱ्या कव्हरवर रबरी शिक्का मारून विकलं गेलं, तो बूटलेग. आमच्याकडे चालायची ती अदलाबदल. तुम्ही दोन कोऱ्या कॅसेट्स आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरचा एकीवर भरून देणार आणि दुसरी ठेवून घेणार. काही जण तर निव्वळ टपालखर्चावर द्यायचे.

77 वाचून माझे हात थरथरले, हे कबूल करायला हवं. त्या वर्षीचा मे महिना म्हणजे या छंदातली काशी. 8 मे 1977 ची कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली रात्र अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या 2011 सालच्या यादीत घेतली. बँडच्या रेकॉर्डिस्ट बेटी कँटर-जॅक्सन यांनी ती टेप केली होती. त्यांच्या बऱ्याच टेप्स भाड्याच्या गोदामात पडून होत्या, भाडं थकलं आणि 1986 मध्ये सामानाचा लिलाव झाला. त्या टेप्स अशा परक्या हातांत गेल्या आणि तिथून हळूहळू आमच्यासारख्यांपर्यंत पाझरल्या. अधिकृत प्रत निघायला 2017 उजाडलं. तेव्हा खोक्यात 77 चा साउंडबोर्ड दिसल्यावर माणूस काय काय मनोरे रचतो, ते सांगायला नको.

पण आधी कॅसेट वाजायला तर हवी. पहिलीच्या आतला फेल्टचा तुकडा निखळून पडला होता. टेपला हेडवर दाबून धरणारा तो नखाएवढा तुकडा नसेल तर आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. त्यातून ही कॅसेट चिकटवलेल्या सांध्यांची, स्क्रूची नव्हे. ब्लेडने कडेकडेने उघडली, दोन्ही चकत्या उचलून स्क्रूच्या एका जुन्या कॅसेटमध्ये बसवल्या. वाचायला सोपं वाटतं. एक चकती हातातून सुटली, तेव्हा पाऊण तास जमिनीवर बसून पेन्सिलीने गुंडाळत होते.

शेवटी वाजली, आणि दहाव्या मिनिटाला माझा उत्साह गार पडला. ड्रमर एकच होता.

डेडमध्ये दोन ड्रमर असतात, पण सगळी वर्षं नाही. मिकी हार्ट फेब्रुवारी 1971 मध्ये बाहेर पडला आणि ऑक्टोबर 1974 मध्ये परत आला. मधली वर्षं बिल क्रॉइट्समन एकटा. हेडफोनवर हा फरक लपत नाही. एकटा असताना ताल लवचीक, हलका, वळणाला पटकन वळणारा असतो आणि दोघं असले की बैलगाडीचं वजन येतं. (मला एकटा जास्त आवडतो. यावर भांडणं झालेली आहेत.) म्हणजे 77 शक्यच नव्हतं.

मग एकेक धागा ओढत गेले. पियानो कीथ गॉडशॉचा आहे, आणि तो आला ऑक्टोबर 1971 मध्ये. मागे बाईचा आवाज आहे, ती गायिका डोना, म्हणजे 72 किंवा त्यानंतरचं. बँडचा आधीचा कीबोर्डवादक-गायक पिगपेन, त्याचा आवाज तिन्ही कॅसेट्समध्ये कुठेच नाही. तो बँडबरोबर शेवटचा उभा राहिला जून 1972 मध्ये. नुसता आवाज नसणं हा काही पुरावा नव्हे, पण कल समजतो. पक्का पुरावा दुसऱ्या कॅसेटवर सापडला: एक गाणं, ओळखीच्या चालीचं, पण शब्द भलतेच. त्या गाण्याचा हा कच्चा अवतार त्यांनी 9 फेब्रुवारी 1973 ला स्टॅनफर्डमध्ये पहिल्यांदा वाजवला आणि उन्हाळ्यात गुंडाळून ठेवला. 1974 च्या फेब्रुवारीत तेच गाणं नवे शब्द आणि नवं नाव घेऊन परत आलं. म्हणजे माझी टेप 1973 च्या पूर्वार्धातली, बाहेरची असूच शकत नाही.

तिथून पुढे कारकुनी काम. त्या महिन्यांतल्या सगळ्या रात्रींच्या सेटलिस्ट, म्हणजे वाजवलेल्या गाण्यांच्या याद्या, काढल्या, कागदावर रकाने आखले आणि माझ्या टेपवरची गाणी क्रमाने लावून जुळवत बसले. मध्येच गिटारवादक बॉब वीअर गर्दीला मागे सरकायला सांगतो, तेव्हा वाटलं, सापडली खूण. पण तो गृहस्थ निम्म्या रात्री गर्दीला मागेच सरकवत असायचा. शेवटी दुसऱ्या सेटमधल्या, म्हणजे मध्यंतरानंतरच्या, एकातून दुसऱ्यात न थांबता गेलेल्या चार गाण्यांच्या साखळीने निकाल लावला. अशी साखळी एकाच रात्री होती. तारीख मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की 'त्या रात्रीचं याहून चांगलं माझ्याकडे आहे' असे निरोप सुरू होतात, आणि ते खरेही असतात.

त्या रात्रीचा जो साउंडबोर्ड लोकांकडे फिरत होता, त्यात पहिल्या सेटच्या शेवटची जवळपास वीस मिनिटं नव्हती. माझ्यात होती. ही वर्षं नेटाने गोळा करणाऱ्या एका ज्येष्ठ संग्राहकांना मी लिहिलं. अभिनंदन वगैरे काही नाही, उलट टपाली पहिला प्रश्न: "वंशावळ काय?"

वंशावळ म्हणजे मूळ टेपपासून तुमच्यापर्यंत प्रतीची प्रत कशी होत आली. कॅसेटवरून कॅसेट करताना दर पिढीत खरखर वाढते, वरचे सूर झिजतात. म्हणून चांगल्या रेकॉर्डिंगबरोबर एक छोटी फाइल फिरते: कुठल्या डेकवर, किती पिढ्या, कोणत्या वर्षी संगणकात घेतलं. मामेभावाला फोन केला.

"घेतली गं कोणाकडून तरी. वीस-पंचवीस वर्षं झाली."

"कोणाकडून, आठव ना."

"उंच होता."

ही माझी वंशावळ.

मध्यंतरी एक गाढवपणा केला तोही सांगते. तीच रात्र 'दुर्मिळ, पहिल्या पिढीची प्रत' म्हणून सीडीवर एक जण विकत होता. विकतोय म्हटल्यावरच पाठ फिरवायला हवी होती. पैसे भरले. आली तेव्हा आवाज चकचकीत होता, पण झांजांना पाण्याखालून वाजल्यासारखा एक घोळ होता. स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख, काढून पाहिला तर 16 किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं काळं. टेपची खरखर अशी कधी कापली जात नाही, ती हळूहळू विरते. असा काप साधारण 128 केबीपीएसच्या, म्हणजे दाबून लहान केलेल्या एमपीथ्रीचा. कुणीतरी एमपीथ्री फुगवून सीडीवर उतरवली होती. या रागातून पुढच्याच आठवड्यात उलटी चूक केली. दुसऱ्या एका रात्रीचं रेकॉर्डिंग 15 किलोहर्ट्झला कापलेलं दिसलं आणि मी ते तिथल्या तिथे पुसलं. ते एफएम रेडिओवरचं होतं. एफएममध्ये आवाज मुळातच 15 पर्यंत असतो आणि वर 19 वर स्टिरिओसाठी पाठवलेल्या पायलट सुराची एक बारीक रेघ दिसते. ती रेघ मला दिसली होती. तिचा अर्थ समजला तेव्हा फाइल उरली नव्हती.

माझ्या कॅसेट्स संगणकात घ्यायच्या म्हणजे आधी डेकच्या हेडचा कल प्रत्येक कॅसेटपुरता जुळवायचा. बारीक स्क्रू असतो. टेप चालू ठेवून, दोन्ही चॅनेल मोनोत एकत्र करून, केसभर फिरवत राहायचं. एका क्षणी झांजा पडद्याबाहेर येतात, तिथे थांबायचं. डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करणारी सोय, बंद. अदलाबदलीच्या टेप्स बहुधा डॉल्बीशिवाय भरलेल्या असतात आणि लावलं की वरचं सगळं गिळलं जातं. एवढं करून सहा बाजू घेतल्या आणि पियानोशी ताडून पाहिलं, तर सगळा कार्यक्रम चढा. सूर वर, गाणी घाईत.

वेग किती चुकलाय हे कानाने ठरवू नये. एका जुन्या टेपरने शिकवलेली युक्ती अशी की विजेची गुणगुण शोधायची. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथल्या स्टेजवरच्या यंत्रांची मंद घुंऽऽ रेकॉर्डिंगमध्ये उतरलेली असते. दोन गाण्यांमधल्या शांततेचा तुकडा घेतला, खालचा पट्टा मोठा करून पाहिला. रेघ 61.5 वर. म्हणजे टेप अडीच टक्के जलद, सेमीटोनच्या निम्म्याला थोडं कमी.

पण शेजारी आणखी एक रेघ होती, फिकट, 50.4 वर. ती कुठून आली? अमेरिकेत 50 ची वीज नाही. मग उलगडलं: मधली एक प्रत 50 हर्ट्झच्या देशात बसून कुणीतरी केली होती, त्याच्या डेकची गुणगुणही टेपवर बसली. तिच्यात फरक 0.8 टक्क्याचा, म्हणजे तेवढी चूक त्या प्रतीनंतरची आणि उरलेली 1.7 त्याच्या आधीची. 'उंच होता' याच्यापलीकडे वंशावळीत मिळालेली ही पहिली ओळ. मी ती रेघ बराच वेळ बघत बसले होते. कोणाच्या तरी खोलीतली वीज.

वेग दुरुस्त केल्यावर 45 मिनिटांची बाजू 46 मिनिटं 7 सेकंदांची झाली, आणि गाणं एकदम बसलं, घाईत आलेला माणूस खुर्चीत टेकावा तसं.

राहिली फट. टेपची बाजू उलटताना एका लांब गाण्याच्या मध्यावर पावणेदोन मिनिटं गेली होती. ती प्रेक्षकांतल्या एका रेकॉर्डिंगमधून भरली. तो आवाज मैदानाएवढा, घुमणारा, माइकजवळ कोणीतरी खोकतंय. दोन्हींचे वेग जुळवून सांधा अशा जागी घेतला की ड्रमचा एक ठोका त्याला झाकेल. ठोका सापडायला तीन संध्याकाळी गेल्या. काही जण अशा वेळी अख्खा कार्यक्रम दोन्ही रेकॉर्डिंग मिसळून 'मॅट्रिक्स' करतात. मला ते पटत नाही. फट आहे तर ती ऐकू यावी, आणि फाइलमध्ये लिहिलेली असावी.

मग सगळं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावता दाबणाऱ्या फाइलींत, बांधलं, एमडीफाइव्ह हे फाइलींचे तपासणी-आकडे काढले, म्हणजे वाटेत एक बिट जरी बदलला तरी घेणाऱ्याला कळेल. माहितीच्या फाइलमध्ये लिहिलं: साउंडबोर्ड, पिढी अज्ञात, किमान एक प्रत 50 हर्ट्झच्या देशातली, वेग अडीच टक्के कमी केला, पावणेदोन मिनिटं प्रेक्षकांतली. आणि त्या संग्राहकांना पाठवून दिलं. खरं सांगायचं तर शाबासकीची वाट बघत होते.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या सेटचा शेवट त्यांनी दोनदा ऐकला होता, त्याबद्दल आभार. पुढे एकच वाक्य: "तुमचं डावं-उजवं उलटं झालंय का, तेवढं बघा, त्या दौऱ्यातल्या बाकीच्या साउंडबोर्डमध्ये पियानो दुसऱ्या बाजूला असतो."

मी हेडफोन लावला आणि थेट त्या सांध्यावर गेले. साउंडबोर्डमध्ये पियानो डाव्या कानात. ड्रमचा ठोका. प्रेक्षकांतल्या रेकॉर्डिंगमध्ये पियानो उजवीकडे. पावणेदोन मिनिटांनी परत डावीकडे. तीन संध्याकाळी मी तोच ठोका ऐकत होते.

डेकच्या मागे हात घातला. लाल पिन पांढऱ्या भोकात होती. ती काढून नीट लावली, आणि कॅसेट क्रमांक एक पुन्हा सुरुवातीपासून लावली.