पादेलोणाच्या वासाचा दगड

शाळेत असताना मी क्रिस्टल रेडिओ केला होता. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ओए ७९ डायोड, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार आणि मामाने दिलेला एका कानाचा हेडफोन. ना सेल, ना वीज. रात्री गच्चीवर ‘मुंबई ब’ लागलं तेव्हा आईला उठवून ऐकवलं होतं. त्या डायोडच्या काचेच्या नळीत केसाएवढी तार एका करड्या कणाला टेकलेली दिसायची. तो कण म्हणजे जर्मेनियम, एवढं पाठ होतं. तो येतो कुठून, हा प्रश्न पडायला चाळीस वर्षं गेली.

उत्तर शोधायला मुद्दाम गेलो असं नाही. भाचा म्युनिकला असतो. त्याला चार दिवस सुट्टी होती आणि त्याच्या डोक्यात साल्झबुर्ग, सरोवर, केबल कार असं काहीबाही होतं. मी म्हटलं, बाड ब्लायबर्गला जाऊ. त्याने नकाशात शोधलं आणि विचारलं, “मामा, तिथे आहे काय?” मी म्हटलं, “बंद पडलेली खाण.” त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. नंतर तिथे गरम पाण्याचं कुंडही आहे हे कळल्यावर तो तयार झाला.

म्युनिकहून फिलाखपर्यंत आगगाडी, पुढे बस. फिलाख हे ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडच्या कॅरिंथिया प्रांतातलं शहर. इटली आणि स्लोव्हेनिया दोन्ही हाकेच्या अंतरावर. बस चढ चढून एका अरुंद, लांबट खोऱ्यात शिरते. डाव्या हाताला डोब्राच, २१६६ मीटर उंच, चुनखडीचा भलाथोरला डोंगर. १३४८च्या भूकंपात याच डोंगराची दक्षिणेकडची बाजू ढासळून पलीकडच्या गाइल नदीच्या खोऱ्यात गेली. आम्ही होतो उत्तरेच्या अंगाला. उजव्या हाताला गवताळ, झाडीचा, दिसायला अगदी साधा डोंगर. माल सगळा त्या साध्या डोंगरात होता.

माल म्हणजे शिसं आणि जस्त. गावाच्या नावातच ‘ब्लाय’ आहे, म्हणजे शिसं. ब्लायबर्ग, शिशाचा डोंगर. इथल्या खाणकामाच्या नोंदी चौदाव्या शतकापासूनच्या आहेत. पुढे ऑग्सबुर्गच्या फुगर सावकारांनी इथे पाय रोवले. त्यांना शिसं हवं होतं ते चांदीसाठी: चांदी मिसळलेलं तांबं शिशाबरोबर वितळवायचं, चांदी शिशात उतरते, मग शिशातून ती वेगळी काढायची. १९९३ला खाण बंद झाली, तोवर डोंगराच्या पोटात हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे बोगदे झाले होते. मुंबई-नागपूर अंतर आठवा आणि ते एका डोंगरात कोंबा.

यातला थोडासा भाग आता पर्यटकांसाठी खुला आहे. तिकीट काढलं की अंगावर चढवायला डगला आणि डोक्याला हेल्मेट मिळतं. मग समोर येते लाकडी घसरगुंडी. खाणकामगार पूर्वी खालच्या पातळीवर असेच घसरत जात. ही ६८ मीटर लांब आहे. माझं वय, माझं पोट आणि ती घसरगुंडी यांचा मेळ बसेना. “मामा, तू आधी,” असं म्हणून भाच्याने मला ढकललंच जवळजवळ. खाली पोचलो तेव्हा समोर एक आजोबा उभे होते, आमचे वाटाडे. “ग्ल्युक आउफ,” म्हणाले. खाणवाल्यांचा हा रामराम: सुखरूप वर ये, अशा अर्थाचा. घसरत खाली आल्यावर तो जास्तच पटतो.

आत रंगीत दिवे आणि संगीताचा खेळ आहे. तो मला फारसा रुचला नाही. डोंगराला आपला अंधार पुरेसा असतो. पण आजोबा स्वतः या खाणीत काम केलेले निघाले, आणि ते दिवे-संगीत संपल्यावर त्यांनी टॉर्च भिंतीवर धरला तेव्हा खरी खाण दिसली. फिकट चुनखडी, त्यातून बोटभर ते हातभर रुंदीच्या गडद शिरा. काही थरांना समांतर, काही भेगांमधून उभ्या चढलेल्या. चुनखडी साधारण २३ कोटी वर्षांपूर्वीची, ट्रायासिक काळातल्या उथळ समुद्रातली. तिच्या भेगा-पोकळ्यांतून कोमट-गरम, खारट पाणी फिरलं. येताना त्याने शिसं, जस्त विरघळवून आणलं आणि योग्य जागी गंधकाची गाठ पडताच ते तिथेच टाकून दिलं. आपल्या जुन्या बंबाच्या नळीत आतून क्षार धरत, तसं. फक्त इथे बंब डोंगराएवढा आणि क्षार शिशाचे.

आजोबांनी खिशातून दोन दगड काढून आमच्या हातात दिले. पहिला गॅलेना, शिशाचं खनिज. त्याचं वजन हाताला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. मूठभर दगड, पण मनगट खाली जातं. तुटतो तो काटकोनात, बारीक चौकोनी पायऱ्या-पायऱ्यांनी, आणि प्रत्येक पायरी नव्या स्टीलसारखी चमकते. दुसरा दगड मात्र काहीच वाटेना. पिवळट-तपकिरी, कांद्यासारख्या पापुद्र्यांचा. आजोबांनी चाकूने त्यावर ओरखडा काढला आणि तो माझ्या नाकापुढे धरला. पादेलोणाचा वास! मी भाच्याकडे वळून म्हटलं, “अरे, चाट मसाला!” आजोबांना अर्थातच काही कळलं नाही, पण ते हसले.

हे जस्ताचं खनिज. जर्मन भाषेत त्याला ब्लेंड म्हणतात, ‘दृष्टी फसवणारा’ अशा अर्थाने. शास्त्रीय नाव स्फॅलेराइट, तेही ग्रीकमधल्या ‘फसवा’वरून. दिसायला शिशासारखं काही तरी, पण भट्टीत घातलं की शिसं निघत नाही. जस्ताची वाफच होऊन उडून जाते, हे युरोपातल्या भट्टीवाल्यांना फार काळ नडलं. राजस्थानात जावरच्या खाणींवर आपली माणसं उलट्या मडक्यांतून ती वाफ खाली धरून जस्त काढत होती, त्यानंतर कित्येक शतकांनी, १७३८ साली, ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं. आजोबांना मी हे सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं! मला नव्हती ती अपेक्षा.

“आणि जर्मेनियम?” मी विचारलं.

त्यांनी तोच कांद्याच्या पापुद्र्यांचा दगड परत माझ्या हातावर ठेवला. “यातच आहे.”

मी टॉर्चखाली उलटसुलट करून पाहिला. दिसणार काय? जर्मेनियम इथे वेगळं खनिज म्हणून डोळ्याला दिसत नाही. जस्ताच्या अणूंच्या रांगेत मधूनच एखादी जागा त्याने पकडलेली असते. टनभर ब्लेंडमध्ये काही शे ग्रॅम. एवढं असलं तरी ते जगात उल्लेखनीय मानलं जातं. फार गरम नसलेल्या पाण्यातून बनलेल्या अशा ब्लेंडमध्येच ते जास्त सापडतं. म्हणजे फुगर सावकारांच्या काळापासून ते यांच्याकडे होतं, पण तेव्हा त्याला नाव नव्हतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेएव्हने १८७१मध्ये मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत सिलिकॉनखालची रिकामी जागा दाखवून असं मूलद्रव्य असणार म्हटलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लेमेन्स विंक्लरला ते १८८६मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या चांदीच्या एका खनिजात मिळालं. पुढे ट्रान्झिस्टर आले, मागणी आली, आणि डोब्राचच्या पलीकडे गाइलिट्झच्या कारखान्यात इथल्या जस्तातून जर्मेनियम वेगळं निघू लागलं. मग भाव पडले, शिसं नकोसं झालं, खाण बंद. आता रात्री दिसणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगं, ऑप्टिकल फायबर, उपग्रहांचे सोलर पॅनेल, सगळ्याला जर्मेनियम लागतं. चीनने ऑगस्ट २०२३पासून त्याच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातल्यावर युरोपला आपल्या जुन्या खाणी आठवल्या. जर्मेनियम युरोपीय संघाच्या अत्यावश्यक कच्च्या मालाच्या यादीत आहे.

“मग परत उघडतील का हो?” मी विचारलं. आजोबांनी खांदे उडवले. जर्मेनियमसाठी म्हणून कोणी खाण खणत नाही, म्हणाले; जस्त परवडलं तर पाठोपाठ जर्मेनियम. वरणाच्या जोडीला लिंबू, तसं. (लिंबाची उपमा माझी.)

बाहेर आल्यावर गावातल्या एका छोट्या दुकानात शिरलो. इथलं सगळ्यात देखणं खनिज वुल्फेनाइट: मधासारख्या पिवळ्या-केशरी रंगाच्या पातळ चौकोनी टिकल्या. झेवियर वुल्फेन या जेझुइट धर्मगुरूने अठराव्या शतकात त्यावर ग्रंथ लिहिला. खनिजाला त्याचं नाव मिळालं ते त्याच्या मृत्यूनंतर, १८४५ साली. किंमत विचारली आणि परत जागेवर ठेवलं. शेजारच्या खणात पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांचा गुच्छ होता, चिठ्ठीवर ‘पूना, इंडिया’. दख्खनच्या काळ्या कातळातला झिओलाइट! आमच्या रस्तेबांधणीच्या खडी क्रशरवर हे किती पायदळी गेलं असेल. दुकानदारीण बाईंना मी पुण्याजवळचा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. तो दगड काही मी खणून काढलेला नव्हता, तरी मान डोलावली.

शेवटी एक गॅलेनाचा तुकडा आणि एक ब्लेंडचा, असे दोन घेतले आणि भाच्याला दिलेला शब्द पाळायला कुंडावर गेलो. या कोमट पाण्याची गोष्टही खाणीतलीच. १९५१मध्ये खोल बोगद्यात काम चालू असताना हे पाणी अचानक फुटून आत घुसलं. खाणवाल्यांना तेव्हा घाम फुटला असेल. आज गावाच्या नावापुढे ‘बाड’, म्हणजे स्नानाचं ठिकाण, लागलंय ते या पाण्यामुळे. बंद पडलेल्या काही बोगद्यांत दम्याची माणसं झोपण्याच्या पिशव्यांत गुरफटून तासन् तास पडून असतात, तिथल्या धूळमुक्त थंड हवेसाठी. भाचा मान पाण्याबाहेर ठेवून म्हणाला, “चांगलं आहे हे. आधी सांगायचंस ना.” मी काही बोललो नाही.

परतीच्या दिवशी विमानतळावर बॅग यंत्रात गेली आणि अडकली. पडद्यावर माझ्या सॉक्सच्या शेजारी काळाकुट्ट ठिपका होता. शिशातून क्ष-किरण आरपार जात नाहीत. सुरक्षारक्षकाने बॅग उघडून गॅलेना हातात घेतला, त्याचंही मनगट खाली गेलं. “ब्लाय?” त्याने विचारलं. “ब्लायबर्ग,” मी म्हटलं. तो हसला, दगड वर्तमानपत्रात नीट गुंडाळून परत दिला. त्याच्याखालचा तपकिरी तुकडा त्याने बाजूला सरकवला. बघितलासुद्धा नाही.