पाच लिटरचं गॅस्केट

मे महिन्यातला शनिवार, लग्नसराई जोरात. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या गृहोपयोगी वस्तूंच्या दुकानात मी भांड्यांचा मजला सांभाळतो. संध्याकाळी साडेपाचला एक मावशी आल्या. पंचवटीहून सिटीलिंकच्या बसने आलेल्या. कापडी पिशवीत पाच लिटरचा कुकर, त्याचं झाकण वेगळं गुंडाळलेलं, आणि एका छोट्या पिशवीत तीन गॅस्केटं. तिन्ही आमच्याकडूनच घेतलेली, तिन्हींची बिलं जपून ठेवलेली. पंधरा दिवसांतली ही त्यांची चौथी फेरी होती.

"भाऊ, पैसे राहू द्या. वरण शिजेल असं एक द्या," त्या म्हणाल्या.

काउंटरवरच्या मुलाला कामाला लागून तीन आठवडे झाले होते. तिन्ही गॅस्केटं त्यानेच दिली होती आणि त्यात त्याने काही लपवाछपवी केली नव्हती. "पाच लिटर सांगितलं, सिस्टिममध्ये पाच लिटरचं होतं ते दिलं," असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मी कुकर काउंटरवर काढून ठेवला. चार फेऱ्यांत तो कुकर दुकानातल्या कोणी पहिल्यांदाच पाहत होतं.

गॅस्केट लिटरवर ठरत नाही. ते आधी झाकणावर ठरतं, मग तोंडाच्या मापावर. कुकरचे दोन मुख्य प्रकार. एकात झाकण तिरकं करून आत घालतात आणि ते आतून वर दाबलं जातं. दुसऱ्यात झाकण वरून बसवून फिरवतात, काठाचे दाते एकमेकांत अडकतात. पहिल्यात गॅस्केट झाकणाच्या कडेवर बाहेरून चढतं, दुसऱ्यात ते झाकणाच्या वळलेल्या कडेच्या आत बसतं. दोन्हींचा आकार, जाडी, कड सगळं वेगळं. शिवाय एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये तीन आणि पाच लिटरला कधीकधी एकच गॅस्केट चालतं, कारण तोंड तेवढंच असतं, भांड्याची फक्त उंची वाढलेली असते. आणि दोन कंपन्यांच्या पाच लिटरला एकमेकांचं गॅस्केट बसेलच असं नाही. त्यामुळे "किती लिटर?" हा प्रश्न गॅस्केट विकताना तिसरा किंवा चौथा यायला हवा. आमच्याकडे तो पहिला आणि शेवटचा होता, कारण संगणकातल्या मालाच्या नावात तेवढंच लिहिलेलं असतं. झाकणाचा प्रकार लिहायला तिथे रकानाच नाही.

मावशींचा कुकर बाहेरच्या झाकणाचा. त्यांना मिळालेलं पहिलं गॅस्केट आतल्या झाकणाचं होतं, ते बसलंच नाही. दुसरं बाहेरच्या झाकणाचं, पण दुसऱ्या कंपनीचं. ते ओढूनताणून बसलं, पण झाकण फिरवताना एका बाजूने वर यायचं. तिसरं मात्र अगदी बरोबर होतं. कंपनी तीच, माप तेच. तरी कडेने वाफ जात होती. दुकानाच्या हिशेबाने तिसऱ्या वेळी चूक दुरुस्त झाली होती, म्हणून तो मुलगा गोंधळला होता. इथे मला थांबून पाहावं लागलं.

वाफ जाते म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला आधी विचारायचं की ती कुठून जाते. शिट्टीच्या बुडातून जात असेल तर वेंटची नळी, म्हणजे शिट्टी जिच्यावर बसते ती, उजेडासमोर धरून आरपार दिसते का पाहायचं. डाळीचा फेस आत वाळून नळी अर्धी बुजलेली असते, ती पिन किंवा तारेने साफ होते. शिट्टी त्याच कंपनीची आहे ना, हेही पाहायचं. आतला दाब शिट्टीच्या वजनावर ठरतो. तो चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो, आणि त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. वजन बदललं की हे सगळं गणित बदलतं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ येत असेल तर व्हॉल्व्ह बदलायचा, दुसरा इलाज नाही. त्यात एम-सील किंवा कणीक भरून आणलेले कुकर मी पाहिलेत. पाणी आटून भांडं तापलं की व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळून वाफेला वाट मोकळी होते. ती वाट बुजवली तर कुकर फुटू शकतो.

वाफ कडेने सगळीकडून जात असेल तर बहुधा गॅस्केटच. ते कडक झालंय का, ताणून सैल पडलंय का, उलटं बसवलंय का, हे बोटांनी कळतं. जुनं गॅस्केट फ्रीजरमध्ये ठेवून आवळून वापरायची युक्ती घरोघरी चालते. चार दिवस काम निभतं, पण खरा बिघाड झाकला जातो. आणि वाफ कडेने एकाच जागेवरून जात असेल तर गॅस्केटला हात लावायच्या आधी भांड्याचा काठ पाहायचा.

"मावशी, वाफ सगळीकडून येते का एकाच बाजूने?"

"एकाच. हँडल उजवीकडे धरलं की समोरून."

हा प्रश्न आधीच्या तीन फेऱ्यांत त्यांना कोणी विचारला नव्हता. मी कुकर काउंटरच्या काचेवर पालथा घातला, हँडल कडेच्या बाहेर सोडलं, आणि बिलाचा कागद काठाखाली सरकवत फिरवला. सगळीकडे कागद अडला, हँडलपासून पाव वर्तुळावर मात्र बोटभर रुंदीत सुळकन आत गेला. काठ तिथे दबलेला होता. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच, पण नखाला लगेच लागला. डाळ घोटून झाली की डाव त्याच काठावर ठोकून झटकायची सवय, अनेक वर्षांची. कंपन्यांच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, की काठावर चमचा आपटू नका. माहितीपत्रक खोक्यातच राहतं, म्हणून विकताना ते एका वाक्यात तोंडाने सांगायचं असतं.

दबलेला काठ ठोकून सरळ करता येत नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं, हातोडीने ते एका जागी वर येतं आणि शेजारी खाली जातं. काही कंपन्या खालचं भांडं सुटं विकतात, या मॉडेलचं मिळत नव्हतं. मी सांगितलं, "मावशी, यात आता दाबाने काही शिजवू नका. दाब धरत नाही म्हणून गॅस जळत राहतो, पाणी आटतं, आणि एक दिवस व्हॉल्व्ह उडतो." नवा घेताना आयएसआय खूण पाहायला सांगितलं. १ फेब्रुवारी २०२१ पासून ती घरगुती कुकरवर सक्तीची आहे, मानक आयएस २३४७.

या सगळ्याला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत बिलिंगची रांग दरवाजापर्यंत गेली, आणि मला वरून दोनदा फोन आला.

दुकानातली सेवा घसरली की लोक म्हणतात, हल्लीच्या मुलांना बोलायची रीत नाही. मला ते पटत नाही. तो मुलगा नम्र होता, प्रत्येक वेळी "नमस्कार" म्हणत होता. त्याला माल माहीत नव्हता, आणि तो माहीत व्हावा अशी कोणतीही सोय आम्ही ठेवलेली नाही.

इथल्या भांडी बाजारात नवा पोऱ्या कामाला लागला की कित्येक महिने त्याला गिऱ्हाइकासमोर उभं करत नसत. माल उतरवायचा, पेंढा झटकायचा, पुसायचा, तांब्या-पितळेचं वजन करायचं, झाकणं जोड्या लावून ठेवायची. ते शिक्षण म्हणून कोणी देत नव्हतं, ती फक्त हमाली होती. पण हातातून हजार झाकणं गेल्यावर कोणतं कशाला बसतं हे आपोआप बोटांत उतरायचं. आता माल बारकोड लावून येतो, तो लावणारी टोळी वेगळी, आणि काउंटरवरच्या मुलाला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळतं: बिलिंगचं मशीन, चालू ऑफर, आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर कसा घ्यायचा. नंबर दिल्याशिवाय बिल अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलेलं आहे. तरी काउंटरवर पहिला प्रश्न नंबरचाच असतो, कारण मशीनच्या पडद्यावर पहिला रकाना तोच आहे.

मजल्यावर त्या दिवशी पाच माणसं होती, पण त्यातले तीन कंपन्यांचे प्रमोटर. त्यांचा पगार कंपनी देते आणि मोजते ती फक्त तिच्या नव्या मालाची विक्री. गॅस्केट विचारणारं गिऱ्हाईक आलं की ते काउंटरकडे बोट दाखवतात. त्यांचा दोष नाही, ते काम त्यांचं नाहीच. उरलेल्या दोघांना दुकान मोजतं ते सरासरी बिलावर, एका बिलात किती नग गेले त्यावर, आणि एक्स्टेंडेड वॉरंटी किती विकली त्यावर. सुटा भाग विकणाऱ्याचं सरासरी बिल खाली जातं. म्हणजे मावशींकडे नीट लक्ष देणारा मुलगा महिन्याच्या तक्त्यात मागे दिसतो.

याचा रुपयांतला हिशेब मी त्याच रात्री मांडून पाहिला. समजा गॅस्केट १५० रुपयांचं आणि त्यात दुकानाला ४५ सुटतात. मुलाचा पगार १४,००० धरा, २६ दिवस, रोज ९ तास. तासाला साधारण ६० रुपये पडले. वीस मिनिटं म्हणजे २० रुपये. चौकशीला वीस मिनिटं दिली तरी २५ रुपये उरतात, आणि गिऱ्हाईक टिकतं. न विचारता दिलं तर? दोन गॅस्केटांची पाकिटं फुटली, ती परत विकता येत नाहीत. प्रत्येक फेरीला दहा-बारा मिनिटं बदलाबदलीच्या टेबलावर गेली, तिथे दुसरा माणूस अडकला. हा खर्च मोठा आहे, पण तो वेगळ्या खात्यात पडतो, माल-नुकसानीत. चौकशीची वीस मिनिटं मात्र मजल्याच्या खात्यात पडतात, म्हणून कापायची वेळ आली की तीच कापली जातात. मालकांनाही दुसरीकडून कात्री लागलेली आहे. लोक इथे भांडं हाताळून पाहतात आणि तिथेच उभं राहून फोनवर मागवतात, मग माणसं कमी करण्याशिवाय त्यांना सुचत नाही. माणूस कमी झाला की विचारायला कोणी उरत नाही, आणि मग गिऱ्हाइकाला दुकानात यायचं कारणही उरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी वरच्या मंडळींना सांगूनही कळत नाही. सुटे भाग सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलेले आहेत. डोळ्यांच्या उंचीची फळी कंपन्या पैसे मोजून घेतात. सकाळी साडेदहापासून उभा असलेला माणूस संध्याकाळी सहाला खाली वाकून चार खोकी उपसत नाही. हाताला पहिलं लागलं ते देतो. मजल्यावर एकही स्टूल नाही, कारण बसलेला माणूस आळशी दिसतो असं मानतात. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय कायद्याने बंधनकारक केली. आपल्याकडे एक स्टूल मागायलाही धीर लागतो.

मावशींच्या पैशांचं काम राहिलं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्यात, नसेल तर ३० दिवसांत. पण त्यांची तिन्ही गॅस्केटं सदोष नव्हती. चुकीच्या हाताने निवडलेला चांगला माल होता. आमच्या बिलावर सात दिवसांची अट, त्यातली दोन बिलं जुनी, पाकिटं फोडलेली. मशीनने नाही म्हटलं. मुंबईच्या कार्यालयाला मेल, मग फोन, मग पुन्हा मेल. पन्नास मिनिटांनी परवानगी आली, तीही क्रेडिट नोटची, रोख नाही.

मावशी तोवर खोक्यांच्या ढिगावर बसून होत्या. मी नोट हातात दिली तेव्हा त्यांनी ती वाचली, घडी घातली, आणि नवा कुकर घेणार का या प्रश्नावर मान हलवली.

"जुना मोडीत घालते भांडी बाजारात. तिथे हातात घेऊन बघतात तरी," त्या म्हणाल्या. "या पावतीवर चमचे देईन सुनेला."

ॲल्युमिनियमचा कुकर मोडीत वजनावर जातो. हँडलं आणि झाकणावरची शिट्टी आधी काढून ठेवा, मोडवाला ती वजनात धरत नाही, पण शिट्टी आणि व्हॉल्व्ह नव्या कुकरला वापरू नका, एवढं मी त्यांना सांगितलं आणि पिशवी जिन्यापर्यंत नेऊन दिली.

रात्री दुकान बंद झाल्यावर त्या मुलाला घेऊन खालची फळी रिकामी केली. गॅस्केटं आधी आतल्या आणि बाहेरच्या झाकणाची अशी दोन ढिगांत, मग कंपनीनुसार, मग व्यासानुसार लावली. स्टीलची पट्टी घेऊन आतला व्यास मोजला आणि मार्करने पाकिटावर लिहिला. चार पाकिटांवर छापलेलं माप आणि आतला माल जुळत नव्हता, ती बाजूला काढली. पुठ्ठ्यावर पाच प्रश्न लिहून बिलिंगच्या मशीनला चिकटवले: कुकर सोबत आणलाय का, झाकण आत बसतं की बाहेर, कंपनी कोणती, वाफ कुठून जाते. लिटर शेवटी. मुलाने स्वतःहून सहावी ओळ घातली: काठ पालथा घालून पाहा.

सोमवारी मी वरची फळी मागितली. ती दिवाळीपर्यंत एका नॉनस्टिक कंपनीला दिलेली आहे. गॅस्केटं अजून खालीच आहेत, पण तिथे आता एक पाट ठेवलाय, बसून शोधायला.