लघवीची पिशवी

नाईट ड्युटीला रात्री नऊ वाजता आजींना आणलं, झटके येत होते. बीपीच्या गोळीत थायझाइड, म्हणजे लघवीतून मीठ बाहेर काढणारं औषध, त्यात चार दिवस उलट्या आणि पोटात फक्त पेज आणि पाणी. रक्तातलं सोडियम 106, फारच कमी. पोटॅशियमही कमी, 2.6.

3 टक्के, म्हणजे जास्त मिठाचं सलाईन दीडशे मिली दिलं, झटके थांबले. अकराला सोडियम 110. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. मग नॉर्मल सलाईन आणि पोटॅशियम चालू ठेवून मी दुसऱ्या पेशंटकडे गेलो.

चार वाजता सिस्टर म्हणाल्या, "सर, एकपासून दोन लिटर युरिन झालीय. पाण्यासारखी पांढरी."

खरं सांगतो, आधी बरंच वाटलं. किडन्या छान चालल्यात! चहाचा कप तोंडापर्यंत नेला आणि हात थांबला. शरीरात पाणी कमी पडलं म्हणून एडीएच, म्हणजे लघवीतून पाणी जाऊ न देणारं हार्मोन, पाणी धरून बसलं होतं. सलाईनने ती तूट भरली, एडीएचने हात सोडला आणि पाणी भसाभस बाहेर पडू लागलं. आता सोडियम मी नाही, आजींची किडनीच वर ढकलत होती. त्यात माझ्या पोटॅशियमचीही भर, कारण तेही सोडियम वाढवतं. अकरानंतर मी सॅम्पल पाठवलंच नव्हतं.

रिपोर्ट आला, 119. सात तासांत 13. अशा पेशंटमध्ये 24 तासांत 8 च्या वर जायचं नसतं. कमी सोडियमला सरावलेल्या मेंदूच्या पेशी एकदम आक्रसतात, नसांवरचं मायलिनचं आवरण सुटतं. आणि ते लगेच दिसतही नाही. पेशंट छान बोलायला लागतो, मग दोन ते सहा दिवसांनी जीभ जड होते, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात.

सलाईन बंद केलं, 5 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे बिनमिठाचं साखरपाणी लावलं, आणि लघवी थांबवायला एडीएचसारखंच काम करणारं डेस्मोप्रेसिन दिलं. मुलगा चक्रावला. "डॉक्टर, मीठ कमी झालं म्हणून आणलं आणि तुम्ही ते अजून कमी करताय? आई तर बोलतेय की!" बोलत होत्या, तीच तर पंचाईत. मी जास्त वाढवून बसलो होतो, हे त्याला तसंच सांगितलं.

दर दोन तासांनी सॅम्पल. रात्री नऊला 114.

पुढचे सहा दिवस सकाळी आधी त्यांच्याच कॉटपाशी जायचो. चमच्याने पाणी पाजायचं, घशाकडे बघायचं, नाव-गाव विचारायचं. सातव्या दिवशी त्या खेकसल्या, "मेल्या, रोज काय नाव विचारतोस? लिहून ठेव की कुठंतरी!"