नेल गन अडकते तेव्हा : माझा अनुभव

नेल गननं, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खिळे ठोकायच्या यंत्रानं, खिळा मारायला कुणीही अर्ध्या तासात शिकतं. पाईप जोडायचा, नाक लाकडावर टेकवायचं, चाप ओढायचा. मला छळलं ते अडकलेल्या खिळ्यानं, आणि त्याहून जास्त माहितीपुस्तिकेतल्या एका ओळीनं : ‘हवेचा पुरवठा बंद करून अडथळा दूर करावा.’ बस्स, पुढे काही नाही. बाकी पानंच्या पानं इशाऱ्यांची.

आता हवा बंद करायची म्हणजे नक्की काय करायचं? कॉम्प्रेसरचं (हवा दाबून टाकीत भरणाऱ्या यंत्राचं) बटण बंद केलं की फक्त मोटर थांबते. टाकी भरलेलीच असते, पाईपही भरलेला असतो. टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला तरी पाईपात उरलेली हवा एखाद्या खिळ्याला सहज पुरते. म्हणून हवा बंद करणं म्हणजे गनपासून पाईप काढणं, एवढाच अर्थ धरायचा.

पण खरी मेख आहे ती जोडात. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असलेला कपलर (जोडाचा बाहेरचा भाग) पाईपच्या टोकाला असावा आणि गनच्या मुठीला आरपार भोकाचा साधा निपल (कपलरमध्ये शिरणारा भाग) असावा. मग पाईप निघताच गनमधली हवा फुस्स करून बाहेर पडते. कुणी उलटं बसवलं, म्हणजे कपलर गनवर आणि निपल पाईपला, तर पाईप काढल्यावर कपलरचा व्हॉल्व्ह मिटतो आणि हवा मुठीत कोंडली जाते. पाईप बाजूला पडलेला असतो, आपण निर्धास्त नाकात पक्कड घालतो, आणि आत एक खिळा मारण्याइतका जोर तसाच असतो. उलटा जोडही घट्ट बसतो, गळत नाही, गन उत्तम चालते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पाईप काढताना गनकडून फुस्स ऐकू आलं नाही तर नाकाला हात लावू नका. पाईप परत जोडा, कॉम्प्रेसर बंद करून टाकीच्या तळाचा ड्रेन उघडा आणि दाबाचा काटा शून्यावर येऊ द्या. जोडलेल्या पाईपातून गनही रिकामी होते. मग आधी जोड बदला, खिळ्याचं नंतर बघता येईल.

हवा गेली की मॅगझीनमधला (खिळ्यांच्या कप्प्यातला) पुशर, म्हणजे खिळे पुढे रेटणारा भाग, सोडवून खिळ्यांची पट्टी बाहेर काढायची. ही पायरी बरेच जण गाळतात. पुशरची स्प्रिंग पुढचा खिळा सतत रेटत असते, त्यामुळे वाकलेला खिळा सुटता सुटत नाही, आणि नाक उघडताच पुढचा येऊन तिथं बसतो. पट्टी काढल्यावर नाकावरची कडी उघडायची (मोठ्या गनना बऱ्याचदा कडी नसते, ॲलन कीनं स्क्रू सोडवावे लागतात) आणि बारीक चोचीच्या पकडीनं खिळा ओढायचा. खिळा ठोकणारं पातं खालीच अडकलं असेल तर बोथट दांडीनं नाकातून वर ढकलायचं. पात्याच्या टोकावर हातोडी चालवू नये, टोक खराब झालं की अडकणं रोजचंच होतं. नाक मिटल्यावर सेफ्टी (नाकाचं सरकतं टोक, ते लाकडावर दाबलं तरच खिळा सुटतो) बोटानं दाबून पाहायची, सोडल्यावर ती आपोआप बाहेर आली पाहिजे. मध्येच अडकली तर गन वापरायची नाही. तिला तार किंवा टेप बांधून काम उरकणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर भाषा बिघडेल.

एकदा अडकणं समजू शकतं. दहा खिळ्यांत दोनदा अडकली तर कारण शोधावं लागतं. पहिला संशय खिळ्यावर. प्लॅस्टिकच्या पट्टीचे 21 अंश तिरके लावलेले खिळे कागदी पट्टीच्या 30 ते 34 अंशांच्या गनमध्ये चालत नाहीत, आणि 18 गेजच्या (गेज म्हणजे खिळ्याच्या जाडीचं माप) गनमध्ये 16 गेज जाणार नाही. दुसरं, दाब. बहुतेक गन 70 ते 120 पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) चालतात, पण कमाल आकडा गनवर लिहिलेला असतो, तो ओलांडायचा नाही. दाब कमी पडला की खिळा अर्धवट राहतो आणि पातं पूर्ण परतत नाही. तिसरं, कोरडेपणा. काम सुरू करण्याआधी हवेच्या तोंडात दोन-तीन थेंब एअर टूलचं तेल टाकायचं. इंजिन ऑइल नको, आणि बिनतेलाची म्हणून विकलेली गन असेल तर काहीच नको. चौथं, मॅगझीनचे सैल स्क्रू. पाचवं, गोल झालेलं पात्याचं टोक. ते खिळ्याच्या माथ्यावरून निसटतं किंवा दोन खिळे एकदम ओढतं. मी खिळे बदलत राहिलो आणि दोष या पाचव्यात निघाला. आता पातं आधी पाहतो.

चापाचं सांगायचं राहिलंच, खरं तर तेच आधी यायला हवं होतं. काही गनना चाप ओढून धरला की नाक टेकेल तिथं खिळा बसतो. पटापट काम होतं म्हणून लोकांना ती आवडते, मला नाही. धक्क्यानं गन उसळते, बोट चापावरच असतं, आपण जोरात दाबत असतो, नाक पुन्हा टेकतं आणि नको तिथं दुसरा खिळा. दुसऱ्या प्रकारात आधी नाक, मग चाप, आणि पुढच्या खिळ्याआधी दोन्ही सोडावे लागतात. हात बसेपर्यंत हाच वापरावा. कोणता आहे ते कळत नसेल तर जाड लाकडावर चाप आधी ओढून मग नाक टेकवा. खिळा सुटला तर पहिला प्रकार. कोणत्याही गनला उसळू द्यावं, अंगाचा भार टाकून दाबून धरू नये.

धरणारा हात खिळ्यापासून किमान 30 सेंटिमीटर दूर. गाठीवर किंवा आधीच्या खिळ्यावर आपटलेला खिळा वळून कुठूनही बाहेर येतो, म्हणून बाजूला झाकणं असलेला चष्मा आणि कानांना संरक्षण. पातळ प्लायच्या मागे कुणी उभं नाही ना, हेही पाहा. शिडीवर चढताना, गन दुसऱ्याच्या हातात देताना पाईप काढायचा, आणि पाईपला धरून गन कधीच उचलायची नाही. कॉम्प्रेसर नाही म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर जोडू नका, गनचा स्फोट होऊ शकतो.

हातात खिळा घुसलाच तर तो स्वतः उपटू नका, तसाच ठेवून दवाखाना गाठा. खिळ्याबरोबर पट्टीचा कागद किंवा प्लॅस्टिकही आत जातं, ते डॉक्टरला सांगा.

आणि संध्याकाळी टाकीच्या तळाचं पाणी सोडा. तेच पाणी पाईपातून गनमध्ये जाऊन आत गंज चढवतं.