फोनमध्ये कोणती ॲप्स ठेवू? तुम्ही विचारलंत म्हणून

“तुमच्या फोनमध्ये कोणती ॲप्स आहेत? आम्हालाही यादी द्या ना.” नवा फोन घेतलेल्या माणसाकडून हा प्रश्न मला हमखास येतो. जुन्या फोनला वैतागलेलेही हेच विचारतात. यादी द्यायला माझी ना नाही, पण ती दिली की होतं काय, माणसं ढीगभर ॲप्स उतरवून घेतात, त्यातलं एकही धड उघडून बघत नाहीत आणि ज्या कामासाठी अडलं होतं ते तसंच राहतं. म्हणून मी आधी विचारते, अडतंय कुठे? आणि बहुतेकदा असं निघतं, की ती सोय फोनमध्ये पहिल्या दिवसापासून आहे.

ती शोधायला सेटिंग्जमध्ये जा. वरच भिंगाचं चिन्ह किंवा शोधायची चौकट असते, तिकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये मेनूंची मांडणी वेगळी असते, त्यामुळे “तिथे जा, मग हे दाबा” असं सांगून उपयोग होत नाही. फोन ज्या भाषेत असेल त्या भाषेत नेमका शब्द टाका. अक्षरं मोठी करायची असोत, रात्री ठरावीक वेळी आवाज बंद व्हायला हवा असो, सगळं तिथून सापडतं. अँड्रॉइडवर ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ अशीच शोधा आणि आजच सुरू करून ठेवा. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, ही सोय आहे. आलेली सूचना न वाचताच बोटाने सरकली गेली, तर ती तिथे परत वाचता येते. फक्त ती आधी सुरू केलेली असावी लागते.

आता टायपिंग. मराठी माणसं इतकी छान बोलतात आणि फोनवर मात्र “ok”च्या पुढे जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांना लिहायचं नसतं असं नाही, जोडाक्षरं शोधण्यात जीव जातो. जीबोर्ड म्हणजे गूगलचा कीबोर्ड, त्यात मराठीसाठी दोन प्रकार मिळतात. एकात देवनागरी अक्षरं समोर दिसतात. दुसऱ्यात रोमन अक्षरांत लिहीत गेलं की तो त्याचं देवनागरी करून देतो. पण ज्यांना दोन्हींचा कंटाळा आहे त्यांनी माइकचं चिन्ह दाबून बोलावं. बोलण्याची भाषा मराठी निवडलेली आहे ना, एवढं आधी पाहा. मग एकेक शब्द तोडून बोलू नका. पूर्ण वाक्य नेहमीच्या वेगाने बोला, कारण पुढच्या-मागच्या शब्दांवरून त्याला अंदाज बांधता येतो. नंतर एखादा शब्द सुधारायचा असेल तर बोटाने नेमक्या अक्षरावर टेकवायची धडपड नको. स्पेसबारवर बोट ठेवून डावी-उजवीकडे सरकवा, कर्सर तसातसा सरकतो. आणि पत्ता, ईमेल असं जे पुन्हा पुन्हा लिहावं लागतं ते कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात एखाद्या छोट्या खुणेसह घालून ठेवा. खूण लिहिली की पूर्ण मजकूर वर सुचवला जातो. आयफोनमध्ये हीच सोय ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’ नावाने आहे.

कॅमेऱ्याबद्दल एकच तक्रार सांगते. कागदपत्रांचे फोटो लोक तिरके, सावली पडलेले, बाजूला पायाचा अंगठा दिसतोय असे पाठवतात. गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅन करायची सोय आहे, आयफोनच्या नोट्समध्येही आहे. कागदाच्या कडा फोन स्वतः ओळखतो, तिरकेपणा काढतो आणि अनेक पानांची एकच पीडीएफ करून देतो. त्यासाठी वेगळं, जाहिरातींनी भरलेलं स्कॅनर ॲप घ्यायची गरज नाही. छापील मजकूर पुन्हा टाइप करायचा असेल तर गूगल लेन्सने फोटोतली अक्षरं उचलता येतात, देवनागरीसुद्धा.

नकाशाबद्दल एक गैरसमज आहे, की नेट गेलं म्हणजे रस्ता गेला. जीपीएसला इंटरनेट लागतच नाही. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश फोन नुसता ऐकतो, आणि किमान ४ उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कुठे आहोत हे त्याला काढता येतं. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. म्हणून निघण्याआधी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. गाडीचा रस्ता तो दाखवतो. रहदारीची ताजी खबर तेवढी मिळत नाही.

ज्या एका ॲपसाठी मी आग्रह धरते ते ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आहे. लाइव्ह ट्रान्सक्राइब असं त्याचं नाव. गूगलने गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाच्या मदतीने ते घडवलं आणि २०१९ मध्ये आणलं. काही अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासून असतं, नाहीतर प्ले स्टोअरवर फुकट मिळतं, आणि त्याला मराठी समजतं. फोन टेबलावर ठेवायचा, समोरचा बोलेल ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटत जातं. घरातल्या एखाद्या आजोबांचं बघा. चौघं गप्पा मारत असतात आणि ते नुसते हसऱ्या चेहऱ्याने बसलेले असतात, कारण “काय म्हणालास?” असं सारखं विचारायचा त्यांना संकोच वाटतो. त्यांच्यासमोर हा फोन ठेवला की पाच-दहा मिनिटांत ते मध्येच तोंड घालायला लागतात. चुका होतात, नावं तर हमखास चुकतात. तरी एका वेळी एकानेच बोलायचं हे घरच्यांनी पाळलं तर बोलण्याचा धागा सुटत नाही. अशी सोय खिशात असून माहीत नसावी, हे मला सहन होत नाही.

फोन हरवण्याची तयारी हरवण्याआधीच करावी लागते. अँड्रॉइडवर आणि आयफोनवर, दोन्हीकडे हरवलेला फोन शोधायची, ‘फाइंड’ची, सोय आहे. ती चालू आहे का, हे दुसऱ्या एखाद्या उपकरणावरून एकदा करून बघा. अँड्रॉइड फोन सायलेंटवर असला तरी तिथून ५ मिनिटं पूर्ण आवाजात वाजवता येतो, त्यामुळे उशीखाली गेलेला फोनही सापडतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून ठेवा, तक्रार देताना लागतो. सिमकार्डालाही स्वतंत्र पिन घालता येतो. तो घातला की चोराने तुमचं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तरी त्याला ओटीपी मिळत नाहीत. पण तो चालू करताना मूळ पिन विचारला जातो, तिथे अंदाजाने आकडे घालू नका. ३ वेळा चुकलं की सिम अडतं आणि कंपनीकडून पीयूके, म्हणजे अडलेलं सिम उघडायचा क्रमांक, घ्यावा लागतो. तोही १० वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

फोटोंचं याहून नाजूक आहे. फोटो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, गेलेत म्हणून लोक फोनमधली जागा मोकळी करायला गूगल फोटोजमधूनच ते डिलीट करतात. मग ते दोन्हीकडून जातात. आयफोनच्या आयक्लाउडचंही तसंच. जागा हवी असेल तर गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ असा वेगळा पर्याय आहे. तो फक्त फोनमधली प्रत काढतो. बॅकअप झालेला फोटो चुकून उडवला असेल तर ६० दिवस कचरापेटीत असतो, त्याच्या आत परत आणा.

बॅटरी आणि ‘फोन स्लो झालाय’ याबद्दल थोडक्यात. क्लीनर आणि बूस्टर ॲप्स काढून टाका. मेमरी कशी वाटायची ते फोनची प्रणाली स्वतः बघते. उघडी ॲप्स सारखी सरकवून बंद केल्यानेही बॅटरी वाचत नाही, उलट ती पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त खर्च होते. लिथियम-आयन बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली किंवा उन्हात नको, आणि ८० टक्क्यांवर थांबायचा पर्याय असेल तर तो सुरू ठेवा.

नवं ॲप घेताना मात्र एक प्रश्न विचाराच. हे काम करायला याला ही परवानगी कशाला हवी? टॉर्च लावणाऱ्या ॲपला तुमचं ठिकाण कळून काय करायचंय? ही नुसती शंका नाही. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ हे कोट्यवधी फोनमध्ये असलेलं ॲप लोकांना न सांगता त्यांच्या ठिकाणाची माहिती जाहिरातवाल्यांना देत होतं, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्यावर कारवाई केली. परवानगी ‘फक्त वापरताना’ एवढीच द्या. आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला तर कॅमेरा किंवा माइक चालू आहे. तो का चालू आहे, हे लगेच बघा.

आता यादी, कारण ती दिल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. पासवर्डसाठी बिटवॉर्डन. दुहेरी सुरक्षेसाठी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक आकडा विचारला जातो त्यासाठी, एखादं ऑथेंटिकेटर, त्याचा आकडा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला नेटवर्कही लागत नाही. कुठलाही व्हिडिओ चालवायला व्हीएलसी. फोनमधून कॉम्प्युटरवर फाइल पाठवायला लोकलसेंड. नेटशिवाय विकिपीडिया वाचायला किविक्स. पक्ष्यांचा आवाज ऐकून नाव सांगणारं, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं मर्लिन. ही सगळी फुकट वापरता येतात.

आणि घरात शाळेतलं मूल असेल तर फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाने केलेलं हे ॲप फोनमधले सेन्सर उघडून दाखवतं: वेग किती वाढतोय, चुंबकत्व किती, आवाज केवढा. त्यातला आवाजाचा वेग मोजायचा प्रयोग मुलांबरोबर जरूर करा. दोन फोन एकमेकांपासून ५ मीटरवर ठेवायचे, दोन्हींवर ‘अकूस्टिक स्टॉपवॉच’ सुरू करायचं आणि प्रत्येक फोनजवळ एकेकाने उभं राहायचं. एकाने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात, दुसऱ्याने वाजवली की दोन्ही थांबतात. पण दोन्हींवरची वेळ सारखी नसते, कारण प्रत्येक टाळी लांबच्या फोनपर्यंत थोडी उशिरा पोचते. तो फरक साधारण ०.०२९ सेकंद येतो. आवाजाला दोनदा ५ मीटर, म्हणजे एकूण १० मीटर जावं लागलं, म्हणून १० ला त्या फरकाने भागायचं. उत्तर सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास आलं पाहिजे. खोलीत घुमणारा आवाज मध्ये येत असेल तर मोकळ्यावर जा, आणि जागा असेल तर अंतर वाढवा. जितकं लांब उभं राहाल तितकं उत्तर नेमकं येईल.