आतली नळी

खालची शेवटची दाढ दुखायला लागली तेव्हा हरभरा काढणीला आला होता, त्यामुळे लवंग दाबून आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर मी सहा दिवस काढले. सातव्या दिवशी सकाळी हनुवटीखालचा भाग लाकडासारखा घट्ट झाला होता, जीभ वर उचलली गेली होती आणि स्वतःची लाळही गिळवत नव्हती. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावातून जिल्ह्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत मला आडवे होणे अशक्य झाले होते. आडवा झालो की श्वास बंद पडत असे, म्हणून सारा रस्ता मी समोरच्या सीटला धरून वाकून बसलो होतो.

डॉक्टरांनी सांगितले की दाढेतला पू जिभेखाली उतरला आहे आणि सूज श्वासाच्या वाटेवर चढते आहे. या दुखण्याला लुडविग्स अंजायना म्हणतात. १८३६ मध्ये लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले होते, आणि त्याचा हृदयाशी काहीही संबंध नाही. माझ्या भावाने मात्र ‘अंजायना’ एवढेच ऐकून गावात हृदयाचा झटका आल्याचे कळवले, आणि दोन दिवस लोक मायला त्याच समजुतीने भेटायला येत राहिले.

अशा वेळी शक्य असेल तर तोंडातून किंवा नाकातून नळी घालतात. माझ्या बाबतीत ती वाट खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, आधीच अरुंद करून ठेवली होती. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते. पंधरा-सोळा वर्षांत माझे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेनासे झाले होते, आणि मी ते केवळ तिखट सोसत नाही एवढ्यावर सोडून दिले होते. त्या दिवशी एक बोटही जाईना. भूलतज्ज्ञांनी टॉर्च लावून पाहिले आणि मान हलवली. मग मला अर्धवट बसवून, फक्त गळ्याची जागा बधिर करून, स्वरयंत्राच्या खाली श्वासनळीला छिद्र पाडण्यात आले. मी जागा होतो. दुखण्यापेक्षा जे लक्षात राहिले ते वेगळेच आहे: एकाएकी गार हवा थेट छातीत उतरली, जोरात खोकला आला, आणि त्या खोकल्याला आवाजच नव्हता.

हनुवटीखालचा पू काढला, दाढ उपटली, सूज आठवड्याभरात उतरली. तो भाग सोपा होता. एप्रिलच्या मध्यावर गळ्यात धातूची नळी ठेवून मला घरी पाठवण्यात आले. ही नळी दुहेरी असते. बाहेरची जागेवर राहते आणि आतली किंचित फिरवून बाहेर काढता येते. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी एका सिस्टरने माझ्या पत्नीकडून ती स्वतःच्या हाताने काढून, धुऊन परत बसवून घेतली. बाकी सूचना एका इंग्रजी कागदावर होत्या, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हाला कोणी समजावून सांगितली नाही. नाक हवा नुसती आत घेत नाही, ती ओलसर आणि कोमट करून फुफ्फुसात सोडते. गळ्यातल्या छिद्राने नाक टाळले जाते, मग कोरडी हवा तशीच आत जाते आणि कफ वाळत जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो. कपडे तासाभरात वाळतात, तिथे कफाची काय कथा.

दिवसा कूलर चालू असल्याने निभावत होते, कारण ती हवा ओलसर असते. मेमधल्या एका रात्री नऊला वीज गेली ती आलीच नाही. दोनच्या सुमारास मला जाग आली तेव्हा श्वासाबरोबर बारीक शिटी वाजत होती, आणि काही मिनिटांत शिटीही कमी झाली, म्हणजे हवाच कमी झाली. हाक मारायला आवाज नव्हता. उशाशी पाण्याचा तांब्या होता, तो मी बाजेच्या पाटीवर आपटला.

‘अजी, काय होऊन राह्यलं?’ म्हणत पत्नी उठली, मोबाईलचा उजेड माझ्या गळ्यावर धरला आणि दुसरे काहीही न विचारता आतली नळी फिरवून ओढून काढली. हवा आत आली. त्या नळीच्या टोकाशी बाभळीच्या डिंकासारखा तांबूस, कडक खडा अडकला होता. बोटाने ढकलून निघाला नाही, गरम पाण्यात भिजवून सुटला. १०८ ची गाडी आली तेव्हा मी बाजेवर बसून चहा पीत होतो, तरी त्यांनी मला नेले आणि ते बरोबरच केले.

यानंतर कोणते काम किती वेळा करायचे हे आम्हाला नीट सांगण्यात आले: आतली नळी दिवसातून तीन-चार वेळा धुणे, सलाईनची वाफ घेणे, नळीवर ओल्या गॉजचा पदर ठेवणे आणि तो वाळू न देणे. कफ ओढून काढणारी सक्शनची नळी आत घातल्यावर दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवायची नाही, कारण ती कफाबरोबर हवाही ओढून घेते. पत्नी मनात आकडे मोजत असे. तिचे ओठ हलताना दिसत.

जूनमध्ये नळी काढण्याची तयारी म्हणून तिचे तोंड बुचाने बंद केले, तर तासाभरात पुन्हा घरघर सुरू झाली. दुर्बिणीतून पाहिल्यावर छिद्राच्या वरच्या बाजूला नळीच्या घासण्याने मांस वाढलेले दिसले. ते काढावे लागले. पेरणी भावाने उरकली. जुलैत दुसऱ्यांदा बूच लावून मी वॉर्डात दोन दिवस आणि दोन रात्री काढल्या, तेव्हा कुठे नळी निघाली. खोकताना आणि बोलताना पट्टीवर दोन बोटे दाबून धरायची होती, नाहीतर वारा तिथूनच निघे. नवव्या दिवशी छिद्र बुजले.

खर्रा सुटला आहे, पण ताठलेली कातडी पूर्ववत होत नाही. तोंड अजून दोनच बोटे उघडते. डॉक्टरांनी ते एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिले आहे, की पुढे कधीही भूल देण्याची वेळ आली तर आधी हे दाखवावे. एक प्रत माझ्या बंडीच्या खिशात असते आणि दुसरी पत्नीने पासबुकाच्या पिशवीत ठेवली आहे.